खोळ

रेणूनं खोकं उघडलं तेव्हा मी काजं करत होतो.
तिनं ते कटिंगच्या टेबलावर ठेवलं, म्हणाली,
अण्णा, आधी कात्री उचला.

एकेचाळीस वर्षांत ह्या टेबलावरनं
कात्री उचला म्हणणारं कुणी आलं नव्हतं.

मी गळ्यातला टेप काढला.
रुंदी सव्वाचौदा, उंची साडेनऊ,
जाडी पाऊण इंचाला एक सूत कमी.
छाती नाही, खांदा नाही, पोट सुटायचं नाही,
दिवाळीपर्यंत उंच व्हायचं नाही,
तरी हाताच्या सवयीनं अर्धा इंच माया सोडली.

वरून उरलेली खाकी, ठाण्याच्या शिपायांची.
आतून सॅटिनचं अस्तर,
चारठाण्याच्या एका नवरदेवाच्या कोटाचं.
लग्न मोडलं, कोट न्यायला कुणी फिरकलंच नाही.
कोपऱ्यांना खांद्याचे पॅड.
पडलं तरी खांद्यावर पडेल.

काचेवरची झिल्ली मी काढू देईना.
सोफ्याचं प्लास्टिक आम्ही सात वर्षं ठेवलं होतं.
ती हसली आणि एका ओढीत काढली,
नवा लठ्ठा फाडताना होतो तसा आवाज झाला.

सेलूत दिवाळीनंतर हवेत कापूस असतो.
जिनिंगकडनं वारा फिरला
की चहातसुद्धा एखादा तंतू तरंगतो.
ह्याला बुडाशी नाकपुड्या आहेत, रेणू म्हणाली,
तिथं रोवा बसला तर जीव गुदमरतो ह्याचा.

मी स्वतःकडं बघितलं.
बाह्यांवर रोवा, भुवयांवर रोवा, कानाच्या पाळीवरसुद्धा.
जिनिंग तर राहिली दोन मैलांवर,
वैरी इथंच बसलाय, पायमशीन मारत.

माझ्या मशीनला दर शनिवारी तेल लागतं.
ह्याला तेल चालत नाही, पाणी चालत नाही,
फुंकर चालते म्हणे, तीही कोरडी.
म्हणून शनिवारी मी आधी पान थुंकतो, चूळ भरतो,
बनियन बदलतो,
मग फुंकर.

चार्जिंग पूर्ण भरून ठेवू नका,
पूर्ण उतरूही देऊ नका,
वीस ते ऐंशीच्या मधे असू द्या.
मला शुगर निघाली तेव्हा
जिंतूर रोडच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं,
फक्त आकडे वेगळे होते.

संध्याकाळी सहाला व्होल्टेज नाचतं.
तेव्हा प्लग काढायचं काम मी मागून घेतलंय.
आधी हे, मग इस्त्री, मग पंखा.

आणि प्रत.
दर रविवारी ती सगळं काही
एका बोटाएवढ्या काडीत उतरवून घेते.
हे मात्र मला समजावून सांगावं लागलं नाही.
ज्या वर्षी वाळवीनं माझे कागदी खाके खाल्ले,
कॉलरचे, बगलेचे, तीस वर्षांच्या गिऱ्हाइकांचे,
त्या वर्षी निम्मं गाव मी डोक्यातून शिवलं.
काडी आता बॉबिनच्या डब्यात असते,
झाकणाला रबर लावून.

मग एका गुरुवारी, टेपला टोचलेली टाचणी
वाकताना झाकणावरून गेली.
दोन सुतांची रेघ.

मी रफू करतो.
परभणीचे वकील कोट पाठवतात,
परत गेल्यावर कुठं फाटलं होतं
ते त्यांचं त्यांनाही सापडत नाही.
रेघेवर मी नख फिरवलं, मग रुमाल, मग खडूसुद्धा.
रेघ होती तिथं होती.
खोळीत घातलं आणि दिवसभर
एका झग्याला उलटी बाही जोडून बसलो.

रात्री रेणूनं बाहेर काढलं. बोट थांबलं तिचं.
बरं झालं, म्हणाली,
लॅबमध्ये सगळ्यांची एकसारखीच असतात,
आता माझं कोणतं ते कळेल.

मीही गिऱ्हाइकाच्या कापडाला आतनं
रंगीत धाग्याचा एक टाका घालून ठेवतो,
ओळखीसाठी.
हे मी तिला कधी सांगितलं होतं, आठवत नाही.

शटर अर्धं ओढलं.
टाचण्या मोजून डबीत टाकल्या.
आणि उलटी बाही
उसवायला घेतली.